फोटो बाबासाहेबांचा, हक्क कोणाचा?

आपल्या वस्तीत असे एकही घर सापडणार नाही, की ज्याच्या भिंतीवर तथागत भगवान बुद्धांच्या शेजारी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा फोटो नाही. कुडाच्या भिंती गेल्या, विटा-सिमेंटच्या आल्या, कवेलू गेले, स्लॅब पडला, फोटोची जागा मात्र तीच राहिली. त्याच फोटोपुढे मेणबत्ती लागते, त्याच्याच साक्षीने लग्ने लागतात, लेकरांची नावे ठेवली जातात. परंतु हा फोटो कोणी काढला, कोणत्या गावी काढला, कोणत्या साली काढला, असे विचारले तर बहुतेक घरांत उत्तर मिळत नाही.

विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त ही स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा आम्ही घरोघरी निरोप दिला, की जुने फोटो असतील ते आणून द्या. लोकांनी संदुका उघडल्या. कोणी बाबासाहेबांचा, कोणी बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा, कोणी धम्मदीक्षेचा म्हणून जिवापाड सांभाळलेला, कडा कुरतडलेला फोटो आणून दिला. फोटो छापखान्यात गेले आणि तिथल्या पोराने सरळ प्रश्न टाकला, "याची परवानगी आहे का?" बैठकीत लगेच दोन तट पडले. एक म्हणे, बाबासाहेब साऱ्या समाजाचे, परवानगी कसली मागता? दुसरा म्हणे, बाबासाहेबांच्या वारसांना पत्र पाठवा. आम्ही वकील मंडळींना विचारले, कायद्याची पुस्तके चाळली, तेव्हा लक्षात आले की दोन्ही तटांनी ज्या माणसाचे नावच घेतले नाही, कायदा त्याच्यापासूनच सुरू होतो. तो माणूस म्हणजे फोटोग्राफर. ही सारी हकीकत वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेख.

आधी आपल्याच जिल्ह्याची गोष्ट. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. १६ ऑक्टोबरला ते चांद्याला आले. तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत, आणि गडचिरोली हा वेगळा जिल्हा व्हायला अजून २६ वर्षे बाकी होती. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. चांद्याच्या समारंभाची जबाबदारी राजाभाऊ खोब्रागडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उचलली होती. पुढे हेच राजाभाऊ राज्यसभेचे उपसभापती झाले. नागपूरनंतर अवघ्या दोन दिवसांत बाबासाहेबांच्या हस्ते दीक्षेचा मान मिळालेले हे आपले गाव. आजही दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र अनुवर्तन दिनाला माणसांचा पूर लोटतो.

आमच्या भागातली माणसे त्या दिवशी बैलबंड्यांनी गेली, पायी गेली, वडसा-नागभीडकडची छोट्या लाईनच्या गाडीने गेली. एका आजींनी आम्हाला सांगितले, "बाबासायेब लय दूर होते, तोंड काई नीट दिसे ना, पन आवाज आयकलो." या सांगण्यात सारे आले. त्या गर्दीतल्या बहुतेकांना चेहरा नीट दिसला नाही. चेहरा घरात आला तो नंतर, फोटोतून. म्हणून त्या दिवशी कॅमेरा घेऊन जो कोणी उभा असेल, त्याचे आपल्यावर उपकार आहेत, आणि त्याचेच नाव आपण विसरलो.

आता कायद्याकडे. १९५६ साली आपल्या देशात इंग्रजांच्या काळातला १९१४ चा कॉपीराईट कायदा चालू होता. तो इंग्लंडच्या १९११ च्या कायद्यावर बेतलेला. त्यात फोटोबद्दल साधा नियम होता : निगेटिव्ह तयार झाली त्या वेळी ती ज्याच्या मालकीची, तो फोटोचा कर्ता, आणि हक्काची मुदत निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षे. मात्र कोणी पैसे देऊन फोटो काढायला सांगितला असेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा, उलट करार नसेल तर. हाच पैसे देणाऱ्याचा नियम पुढच्या १९५७ च्या कायद्यातही राहिला. तो नवा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला.

याचा अर्थ आपल्यासाठी असा, की स्वागत समितीने स्टुडिओवाल्याला पैसे देऊन बोलावले असेल तर फोटोचा हक्क समितीकडे, आणि तो स्वतःच्या हौसेने किंवा धंद्यासाठी आला असेल तर हक्क त्याचा, त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. फोटोत जे उभे आहेत त्यांचा, म्हणजे खुद्द बाबासाहेबांचाही, फोटोवर कॉपीराईट नाही. आणि ज्याच्या संदुकीत तो फोटो आहे त्याचाही नाही. हे पुष्कळांना पटले नाही. एक भाऊ म्हणाले, "माझ्या बापानं जपला, मग हक्क कोणाचा?" भाऊ, कागद तुमचाच, तो कोणी हिसकावू शकत नाही. परंतु पुस्तक विकत घेतले म्हणून ते पुन्हा छापून विकायचा हक्क जसा मिळत नाही, तसेच हे आहे.

बाबासाहेबांच्या बाबतीत हक्काचा प्रश्न पहिल्यांदा फोटोंवरून उठला नाही, तो त्यांच्या कागदपत्रांवरून उठला, आणि त्यात आपल्या विदर्भाचा वाटा मोठा आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले तेव्हा बाबासाहेबांचे कितीतरी लिखाण अप्रकाशित होते. ते कागद दिल्ली उच्च न्यायालयाच्या कस्टोडियनच्या ताब्यात गेले, तेथून महाराष्ट्राच्या ॲडमिनिस्ट्रेटर जनरलकडे आले आणि पेट्यांत पडून राहिले. ज्या माणसाने देशाला संविधान दिले त्याची हस्तलिखिते वर्षानुवर्षे कुलुपात! नागपूरचे ॲड. जे. बी. बन्सोड यांनी यावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दावा लावला. त्यांचे मागणे अगदी साधे होते : हे लिखाण मला छापू द्या, नाही तर सरकारने छापावे. तो दावा दिल्लीला गेला आणि पुष्कळ वर्षे रेंगाळला.

पुढे शासनाने समिती नेमली, तिच्या कामाला नागपूरच्याच वस्तीतून वर आलेले वसंत मून यांनी वाहून घेतले, आणि १९७९ मध्ये इंग्रजी ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला. माईसाहेब आणि भय्यासाहेबांचे कुटुंबीय यांच्या संमतीने पेट्यांतले कागदही शासनाकडे आले, आणि पुढचे खंड शक्य झाले. आज आपल्या विहाराच्या कपाटात जे जाडजूड खंड आहेत, त्यांच्यामागे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा एक नागपूरचा वकील आहे, हे आपल्या पोरांना सांगितले पाहिजे.

लिखाणाचा हक्क मोजायला सोपा असतो. लेखकाच्या मृत्यूनंतर किती वर्षे, एवढाच प्रश्न. १९५७ च्या कायद्यात ती मुदत ५० वर्षे होती. त्या हिशेबाने बाबासाहेबांचे लिखाण २००६ संपता मोकळे झाले असते. परंतु मध्ये रवींद्रनाथ टागोर आले! टागोर १९४१ मध्ये वारले, त्यांच्या ग्रंथांचा हक्क १९९१ अखेर संपत होता, तो विश्वभारतीकडे आणखी काही वर्षे राहावा म्हणून सरकारने आधी वटहुकूम आणि मग १९९२ ची दुरुस्ती करून सर्वांसाठीच मुदत ६० वर्षे केली. बंगालच्या कवीसाठी केलेल्या दुरुस्तीने बाबासाहेबांच्या ग्रंथांची मुदत दहा वर्षे लांबली. १ जानेवारी २०१७ पासून बाबासाहेबांनी स्वतः आपल्या हयातीत छापलेले लिखाण कोणालाही छापता येते. आपल्या गावोगावच्या अभ्यास मंडळांनी याचा जेवढा फायदा घ्यायला हवा तेवढा अजून घेतलेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फोटोचा हिशेब मात्र गुंतागुंतीचा. १९५७ च्या कायद्यात फोटोची मुदत फोटोग्राफरच्या मृत्यूपासून नव्हे, तर फोटो प्रसिद्ध झाल्यापासून मोजत. आधी ५० वर्षे, १९९२ नंतर ६०. मग २०१२ मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली आणि फोटोचे हे वेगळे कलमच काढून टाकले. तेव्हापासून फोटोही चित्र-शिल्पाच्या रांगेत बसला : फोटोग्राफरच्या हयातीपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. या दुरुस्तीपूर्वी ज्यांची मुदत संपली ते फोटो मोकळेच राहिले. म्हणजे १९५१ पर्यंत छापून प्रसिद्ध झालेला बाबासाहेबांचा फोटो आज बिनधास्त छापा. सरकारी फोटोग्राफरने काढलेल्या त्या काळच्या फोटोंचेही तसेच, कारण सरकारच्या कामाची मुदत प्रसिद्धीनंतर ६० वर्षांचीच आहे. पहिल्या मंत्रिमंडळाच्या किंवा घटना समितीच्या काळातले सरकारी फोटो त्यात आले.

खरी अडचण आपल्या १९५६ ची. इथे जाणकारांत दोन मते आहेत. काहींच्या मते जुन्या कायद्याच्या काळातला फोटो जुन्याच मोजमापाने मोजायचा, म्हणजे निगेटिव्हपासून ५० वर्षे, आणि १९५६ चे सारे फोटो केव्हाच मोकळे झाले. इतर म्हणतात, नव्या कायद्याची मुदत लावायची. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फोटोचा हक्क २०१२ मध्ये जिवंत होता, म्हणून आता फोटोग्राफर केव्हा वारला ते पाहायचे. तो १९६२ मध्ये वारला असेल तर २०२२ अखेर हक्क संपला. १९७५ मध्ये वारला असेल तर २०३५ अखेरपर्यंत आहे. १९९० मध्ये वारला असेल तर २०५० पर्यंत थांबा! आणि जो फोटो कधी छापलाच गेला नाही, आजवर संदुकीतच राहिला, त्याचे प्रसिद्धीचे वर्षच नाही, तेव्हा दुसऱ्या मताप्रमाणे तोही फोटोग्राफरच्या मृत्यूच्या सालावर येऊन थांबतो. ज्याचे नावच माहीत नाही त्याच्या मृत्यूचे साल कुठून आणायचे?

मग वारसांची परवानगी? इथेही लोकांचा समज वेगळा आणि कायदा वेगळा. मोठ्या माणसाचे नाव, चेहरा, खासगीपण यांवरचा हक्क त्याच्या हयातीतला आहे. सिनेनट सुशांतसिंह राजपूत यांच्यावर बेतलेल्या चित्रपटाविरुद्ध त्यांचे वडील दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते. २०२३ मध्ये न्यायालयाने म्हटले, की हे हक्क माणसाबरोबरच संपतात, वारसाहक्काने पुढे जात नाहीत. म्हणजे बाबासाहेबांचा किंवा राजाभाऊंचा फोटो इतिहास म्हणून छापायला कुटुंबाची कायदेशीर परवानगी लागते असे दिसत नाही. तरीही विचारावे, असे आम्हाला वाटते. ती रीत आहे, कायदा नव्हे. मात्र मेलेल्या माणसाची बदनामी होईल आणि नातेवाईकांचे मन दुखावेल असा मजकूर फोटोखाली घातला तर फौजदारी कायदा आडवा येतो. काही नावांना १९५० च्या एका कायद्याने वेगळे संरक्षण आहे. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू यांचे नाव किंवा चित्र मालाच्या जाहिरातीसाठी वापरता येत नाही. कॅलेंडरला तेवढी सूट आहे, तीही त्यावर फक्त कॅलेंडर काढणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे नाव असेल आणि माल खपवायला ते वापरले नसेल तर.

नोंद ठेवली की काय होते, हे एका परदेशी बाईच्या कामावरून समजते. अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाईट यांनी १९४६ मध्ये बाबासाहेबांचे मुंबईत फोटो काढले. चरख्याशेजारी बसलेल्या गांधीजींचा जगप्रसिद्ध फोटो याच बाईंचा. त्यांनी काढलेल्या बाबासाहेबांच्या फोटोंना फोटोग्राफरचे नाव आहे, साल आहे, गाव आहे. आपल्याकडे याच तोडीचे काम नामदेव व्हटकर यांनी केले. ७ डिसेंबर १९५६ ला मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा या माणसाने पदरमोड करून तिचे चित्रीकरण केले. ती दृश्ये आपण दर ६ डिसेंबरला पाहतो, डोळे पुसतो. पडद्यावर व्हटकरांचे नाव किती वेळा दिसते? निदान त्यांचे नाव इतिहासात उरले तरी आहे. चांदा, वरोरा, ब्रह्मपुरी, आरमोरी इथल्या स्टुडिओवाल्यांचे तेवढेही नाही. डिजिटल कॅमेरा आला, मग मोबाईल आला, स्टुडिओ बंद पडले, निगेटिव्हांची खोकी माळ्यावर गेली, ओल लागली, फेकून दिली.

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला कायद्याच्या मुदतीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. जुन्या फोटोत बाबासाहेब क्वचितच एकटे असतात. मागे कार्यकर्ते असतात, हार घेतलेली बाई असते, कडेला डोक्यावर पदर घेतलेल्या चार बाया, पायरीवर बसलेले एखादे पोर. कॅलेंडरवाला काय करतो? कात्रीने बाबासाहेब तेवढे कापून घेतो, मागे निळे आकाश भरतो, कोट रंगवतो. ती चार बायांची रांग गेली. त्यांपैकी एखादी आपल्याच वस्तीतली आजी असू शकते! कायद्याचे ५७ वे कलम फोटोग्राफरला दोन गोष्टी देते : आपल्या कामावर आपले नाव असावे, आणि त्याची मोडतोड करून कोणी त्याचा लौकिक बिघडवू नये. हक्क विकला तरी हे दोन राहतात, आणि त्याच्या मागे वारसांना ते मागता येतात. कापलेल्या बायांसाठी मात्र कुठलेच कलम नाही. आता तर संगणकाने नवेच फोटो तयार होतात, बाबासाहेब कधी गेले नाहीत तिथे उभे दिसतात, आणि व्हॉट्सॲपवर 'दुर्मिळ फोटो' म्हणून फिरतात. दहा वर्षांनी खरा कोणता हे सांगायला आपल्याकडे काय पुरावा राहील? पुरावा म्हणजे तोच संदुकीतला कागद, मागच्या शिक्क्यासकट.

ज्याचा कर्ता सापडत नाही अशा कामासाठी कायद्याने एक वाट ठेवली आहे, ३१-अ कलमाची. आपण छापू इच्छितो अशी जाहिरात देशभर खप असलेल्या इंग्रजी दैनिकात द्यायची, मग अर्ज करायचा, मग ठरेल ती रक्कम भरायची. पूर्वी हा अर्ज एका मंडळाकडे जाई, ते मंडळ २०२१ मध्ये बंद झाले आणि काम न्यायालयांकडे गेले. वर्गणीतून स्मरणिका काढणाऱ्या विहाराला ही वाट परवडणारी नाही. इंग्रजी पेपरातल्या एका जाहिरातीच्या पैशात आमचे वर्षाचे दानपारमितेचे कार्यक्रम होतील. कॉपीराईट मोडल्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. नफ्यासाठी केलेले नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. हे कोणाला भिववायला सांगत नाही. पण 'समाजाचे काम आहे, कोण विचारतो' या एका वाक्यावर स्मरणिका काढणे बरे नव्हे. ज्या बाबासाहेबांनी आपल्याला कायद्याचे राज्य दिले, त्यांच्याच फोटोखाली दुसऱ्याचा हक्क बुडवायचा, हे कसे चालेल?

म्हणून या स्मरणिकेपुरती आम्ही एक रीत ठरवली. १९५१ पर्यंत प्रसिद्ध झालेले आणि त्या काळचे सरकारी फोटो साल घालून छापले. त्यानंतरच्या ज्या फोटोंच्या स्टुडिओवाल्यांच्या घरी आम्ही पोचू शकलो, तिथे जाऊन लेखी संमती आणली आणि फोटोखाली 'छायाचित्र' म्हणून त्यांचे नाव दिले. अशा एका घरी मुलगा म्हणाला, "आमच्या बाबांचं नाव विचारायला आजवर कोणी आलं नव्हतं." पैसे द्यायला लागलो तर त्याने घेतले नाहीत, स्मरणिकेच्या दोन प्रती मागितल्या. फोटो कुठेही कापलेला नाही. पानात बसला नाही तर आडवा लावला. फोटोतल्या ज्या माणसांची नावे घरच्यांनी सांगितली ती डावीकडून उजवीकडे लिहिली, जी कळली नाहीत तिथे 'अनोळखी उपासिका' असे लिहिले. फोटो देणाऱ्या घराचाही उल्लेख आहे. मूळ कागद त्या त्या घरी परत पोचवले आहेत. तसेच दीक्षा समारंभाच्या काळातल्या हिशेबाच्या वह्या कोणाकडे असतील तर त्या रद्दीत देऊ नका. 'फोटोवाल्यास दिले' अशी एक ओळ जरी सापडली, तरी हक्क कोणाचा तेही कळेल आणि त्या दिवशी कॅमेरा कोणाच्या हातात होता तेही.

एक फोटो आम्ही छापलेला नाही. पुष्कळ माणसे आहेत, मंडप आहे, पुढे बाया बसलेल्या आहेत. देणाऱ्या घराचे म्हणणे, तो चांद्याच्या दीक्षेचा. मागे जांभळ्या शाईचा रबरी शिक्का आहे, त्यातली '...डिओ, चांदा' एवढीच अक्षरे वाचता येतात. तो फोटो घरच्यांच्या संमतीने विहाराच्या कपाटात प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला आहे. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर सचिव तो सर्वांना दाखवतील. वस्तीतल्या वयोवृद्ध उपासक-उपासिकांना नातवंडांनी हाताला धरून आणावे, चष्मा विसरू नये. कोणाला त्या शिक्क्यातले नाव आठवले, किंवा पुढच्या रांगेतली एखादी बाई ओळखू आली, तर तिथेच वहीत लिहून घेऊ. जयभीम.